उंबराच्या पाण्याचं चौथं कडवं

कोपरी, ठाणे पूर्व
१२ जानेवारी २०२५

प्रिय मर्सी आत्या,

अक्षराला हसू नकोस. शाळा सुटल्यापासून हाताने मराठी लिहिलेलं नाही. पण नाताळात तूच सुनावलंस ना, "मोबाइलवर टाइप करून माझ्या नाकासमोर नाचवू नको. मला ऐकू येत नाही, पण वाचता येतं. काय सांगायचंय ते नीट बसून पत्रात लिही." तर बसलोय नीट.

आत्या, जाम भारी बातमी आहे! माझं गाणं एका वेब सिरीजमध्ये घ्यायचं म्हणतायत. माझं म्हणजे आपलं, उंबराच्या पाण्याचं. व्हेनेसाच्या लग्नाला, आदल्या संध्याकाळी आपण सगळे वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला गेलेलो, आठवतं? विहिरीवर जाळी बसवलीय म्हणून बँडवाले तिथेच थांबले आणि जाळीचं कुलूप उघडेपर्यंत तू एकटी गात राहिलीस. तेव्हा तुला छान ऐकू यायचं. मी मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं. नंतर त्याच्याभोवती मी गिटार लावली, राजरत्नने मडक्यासारखं ते घुमट वाजवलं (तुमच्या शेजारच्या भीमाबाईंचा नातू, आमच्या ऑफिसातला) आणि गेल्या वर्षी गाणं इंटरनेटवर टाकलं.

आता रुचिता नावाच्या बाईंचा मेल आलाय. सिरीजसाठी गाणी शोधायचं काम करतात त्या. मी उड्याच मारल्या आणि "घ्या की, माझ्याकडून हो" असं लिहूनही टाकलं. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, असं नसतं हो ब्रँडन. गाणं पडद्यावरच्या चित्राला जोडायचं तर त्याचं वेगळं लायसन्स लागतं, त्याला सिंक म्हणतात. त्यासाठी दोघांची परवानगी लागते. ज्याचे शब्द आणि चाल आहे त्याची एक, आणि ज्याचं हे रेकॉर्डिंग आहे त्याची दुसरी. रेकॉर्डिंग माझं. पण गाणं टाकताना "गीतकार" या रकान्यात मी "पारंपरिक" लिहिलेलं, कारण ते आहेच तसं. त्यावर त्या म्हणतात, पारंपरिक आहे असं गावातलं कोणी जाणतं माणूस लिहून देईल का?

तर एक छोटंसं काम कर. सोबत कागद पाठवतोय. "हे गाणं जुनं आहे, सगळ्यांचं आहे, कोणा एकाचं नाही" एवढ्या दोन ओळी लिहून खाली सही कर. आवाज तुझा आहे, त्यालाही हो म्हण. महिनाअखेरपर्यंत कागद गेले नाहीत तर ते दुसरं गाणं घेणार आहेत. दिवसभर घोडबंदर रोडला लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो आत्या. गाण्याला कोणी पहिल्यांदाच विचारलंय.

व्हॅलेंटाईन अंकलना नमस्कार.

तुझा,
ब्रँडन

*

आंबिवली
१६ जानेवारी २०२५

चि. ब्रँडन,

पत्र मिळालं. अक्षर वाचता आलं, हा माझा चाळीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवल्याचा फायदा. "मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं" हे मला तेव्हा सांगितलं असतंस तर जरा घसा तरी खाकरला असता. घामाघूम झाले होते मी. बँडवाला समोसा खात होता आणि कुलपाची किल्ली सापडत नव्हती.

अभिनंदन, पोरा. मनापासून. व्हॅलेंटाईनला तुझं पत्र वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, आपला ब्रँडन नाव काढणार. असं म्हणाला असावा. त्याच्या ओठांवरून मला एवढंच वाचता आलं, कारण तोंडात पाव होता.

कागदावर मात्र सही केलेली नाही. रागावू नकोस. आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. चित्रात काय चाललंय? हे गाणं कोणावर वाजणार? दारू पिऊन नाचणारे गोव्याचे पाहुणे दाखवतात आणि पाठीमागे आपल्या बायकांची गाणी लावतात, असलं काही मी पाहिलेलं आहे. उंबराचं पाणी म्हणजे नवरीच्या अंघोळीचं पाणी. त्याचं गाणं द्यायचं तर मुलगी द्यावी तसं, घर बघून द्यावं.

दुसरं. एकदा दिलं की ते लोक साबणाच्या जाहिरातीतही लावणार का? कायमचं त्यांचं होणार का?

आणि हे गाणं चार कडव्यांचं आहे. पहिली तीन माझ्या आईच्याही आधीची. चौथं तेवढं काही खास नाही, ओढूनताणून जोडलेलं वाटतं. ते कापलंस तरी चालेल. बाकीच्याचं बघू.

कानाचं मशीन लावून पुन्हा प्रयत्न केला. नुसती शिट्टी मारतं. सकाळी कपाटात ठेवून दिलं. त्याची शिट्टी ऐकण्यापेक्षा शांतता बरी. काही वाईट चाललेलं नाही माझं.

तुझी,
आत्या

*

कोपरी
२० जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तू नाराज आहेस का? घरी डॅडीला विचारलं तर म्हणतो, "मर्सीला दारूचा सीन असेल असं वाटलं असणार, म्हणून अडून बसलीय." तसं असेल तर टेन्शन घेऊ नकोस. रुचिताबाईंकडून सगळं विचारून घेतलंय, एकेक सांगतो.

सीन असा आहे. जुन्या गावठाणातलं घर पाडून तिथे टॉवर होणार, म्हणून मायलेकी सामान टेंपोत भरून घोडबंदरच्या फ्लॅटवर राहायला निघाल्यात. सगळं भरून झाल्यावर आई मागे वळते, विहिरीवर जाते आणि एक कळशी भरते. मग ती कळशी मांडीवर धरून टेंपोत ड्रायव्हरच्या शेजारी बसते. पूर्ण सीनमध्ये कोणी एक शब्द बोलत नाही. फक्त आपलं गाणं. दारू नाही, गोवा नाही.

जाहिरातीचं म्हणशील, तर नाही लावता येणार. सिंक लायसन्स त्या एका सीनपुरतं असतं. ती सिरीज, तो सीन, एवढी मिनिटं, एवढी वर्षं, असं सगळं कागदावर लिहितात. साबणवाल्याला पाहिजे तर त्याने आपल्या दारात येऊन वेगळं विचारायचं आणि आपण त्याला खुशाल हाकलायचं. गाणं आपलंच राहतं. मला वाटायचं सिंक म्हणजे विकणं. ते भाड्याने देण्यासारखं आहे गं.

अजून एक घोळ माझाच. मला वाटलेलं, मोबाइल माझा, मग रेकॉर्डिंग माझं एकट्याचं. तर तसं नाही म्हणे. त्यात आवाज तुझा, घुमट राजरत्नचं, तुम्ही दोघांनी हो म्हटल्याशिवाय मी ते कोणाला देऊ शकत नाही. राजरत्नने लगेच सही केली, वर म्हणाला, "तुझ्या आत्यालाच कसं अजून पटत नाही रे? माझी आजी तर गल्लीभर सांगत सुटलीय."

आता गंमत ऐक. त्यांना आख्खं गाणं नकोच आहे. त्यांना पाहिजे चौथं कडवं. तू कापायला सांगितलंस तेच! रुचिताबाई म्हणाल्या, पहिली तीन छान आहेत, पण तशी गाणी आमच्याकडे येतात. हे कडवं ऐकलं आणि मी गाडी बाजूला घेतली.

घागर बुडाली गो, घागर बुडाली,
बुडाली नाय गो बाय, भरून राहिली.
माहेराची वाट माझ्या पायांनी पाठ केली,
आयेला सांगायची तेवढी राहिली.

आत्या, हे जुनं आहे एवढं लिहून दे ना. प्लीज. महिना संपत आला.

तुझा,
ब्रँडन

*

आंबिवली
२५ जानेवारी २०२५

चि. ब्रँडन,

तुझ्या रुचिताबाईंनी गाडी खरंच बाजूला घेतली? घोडबंदर रोडवर? तिथे गाडी बाजूला घ्यायला जागा असते का? तरी पण मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तीन दिवस ते वाक्य मी परत परत वाचतेय आणि व्हॅलेंटाईन चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघतोय.

मी खोटं लिहून देऊ शकत नाही, बाळा. ते कडवं जुनं नाही. ते माझं आहे.

मी नाराज नव्हते. तुझ्या डॅडीला, सिडनीला सांग, इतकी वर्षं भाऊ आहेस, पण बहीण तुला अजून कळलेली नाही. ऐक. ॲनेटचं लग्न होतं, माझ्या धाकट्या बहिणीचं. आई जाऊन वर्ष झालं होतं. आईच्या जागी पुढे गाणारी बाई म्हणून मलाच कळशीच्या पुढे उभं केलं. आपली रीत तुला ठाऊक आहे. पुढची बाई ओळ टाकते, मागच्या बायका उचलतात, आणि विहिरीपर्यंत गाणं तुटू द्यायचं नाही. तुटलं तर अपशकुन. त्या वर्षी गटाराचं काम काढलं होतं, वाट खोदलेली. लांबून वळसा घालून जावं लागलं. तीन कडवी संपली तरी विहीर येईना. मागून बायका ओरडतायत, "मर्सी, टाक ना गो पुढची!" माझ्याकडे पुढची नव्हतीच. आणि ॲनेट माझ्या शेजारून मान खाली घालून चाललेली. तिला आईची आठवण येत होती. मलाही येत होती. तोंडातून आपोआप आलं ते असं आलं. बायकांनी उचललं. विहीर आली.

पुढच्या लग्नाला त्यांनीच ते म्हटलं. मग लग्न करून ज्या मुली बाहेर गेल्या त्यांच्याबरोबर गेलं. दहा वर्षांनी एका म्हातारीने मलाच सांगितलं, "हे आमच्या आजीच्या वेळचं." मी हो म्हटलं. उंबराच्या पाण्यात कोणी 'माझं' म्हणत नाही रे. मागच्या बायकांनी उचललं नसतं तर ते कडवं तिथेच गटारात पडलं असतं. मग ते माझं एकटीचं कसं? आणि आता या वयात मी पुढे येऊन सांगू, की हे मी केलंय? आपल्या बायका मला सोडतील? "मर्सी मोठी झाली" म्हणतील.

म्हणून म्हटलं, कापून टाक. लाजून म्हटलं. ते खास नाही हे मात्र खोटं होतं. मला ते फार आवडतं.

आता खरी अडचण सांगते. सीन मला आवडला. कळशी मांडीवर घेऊन बसणारी ती बाई तर फारच आवडली. पण मला ऐकू येणार नाही, ब्रँडन. ते माझा आवाज लावतील की कापतील, कडवं पुरं घेतील की अर्ध्यात तोडतील, मला काही कळायचं नाही. पडद्यावर बाया तोंडं मिटून हिंडताना दिसतील आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघत बसाल, मला कसं वाटतंय म्हणून. जे मला कधीच कळणार नाही त्याला मी हो कसं म्हणू? दुसरं गाणं घेऊ दे त्यांना. तुझं मन मोडतेय हे कळतंय. मला क्षमा कर.

तुझी,
आत्या

ता. क. ब्रँडन, मी व्हॅलेंटाईन. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहितो. हे कडवं हिचं आहे ते मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. त्या मिरवणुकीत ट्रंपेट मीच वाजवत होतो. ही तीन दिवस स्वयंपाकघरात तेच गातेय. सुरात नाही, पण मला चालतं. तू हिचं 'नाही' एवढ्यात ऐकू नकोस.

*

कोपरी
३० जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी तसाच जिन्यात बसलो. मग वर जाऊन सगळ्यात आधी "पारंपरिक" खोडलं. तीन कडवी पारंपरिक, चौथं कडवं मर्सी परेरा. इंटरनेटवर आता तसं दिसतंय. तू मला सोडशील की नाही माहीत नाही, पण ते मी आता बदलणार नाही. डॅडीने तुझं पत्र दोनदा वाचलं. नंतर म्हणाला, "मीच तेव्हा मागे कळशीवरचा दिवा धरून चाललेलो. मला कळलं कसं नाही?"

मग रुचिताबाईंना फोन लावला. म्हटलं, मॅडम, हे पारंपरिक नाही, माझ्या आत्याचं आहे. मला वाटलं, आता म्हणणार, गेलं तुमचं काम. तर त्या म्हणाल्या, "अहो, सुटले मी! पारंपरिक म्हटलं की सही कोणाची घ्यायची? गावाची? उद्या कोणीही उठतं आणि आमच्या आजीचं म्हणतं. जिचं आहे ती बाई हयात आहे, नाव आहे, सही करू शकते, याच्याहून चांगलं काय?" ऐकतेयस ना? म्हणजे वाचतेयस ना? तू 'माझं' म्हटल्याने गाणं अडत नाही. त्यानेच ते सुटतं.

बायकांचं म्हणशील, तर मी शहाणपणा केलाय. ॲनेट आत्याला वसईला फोन केला. ती पहिल्यांदा रडली, मग म्हणाली, "मला माहीतच होतं. ते कडवं सुरू झालं तेव्हा तिने माझा हात धरला होता. तुझ्या आत्याला सांग, इतकी वर्षं आम्ही फुकट गायलो, आता नाव लाव म्हणावं."

आणि तुझी खरी अडचण. त्यावर मी खूप विचार केला. आपण जेव्हा परवानगी देतो तेव्हा आपली अटही घालता येते, हे मला या महिन्यात कळलं. रुचिताबाई पैशांचं बोलत होत्या, मी म्हटलं ते तुम्ही नेहमी देता तसं द्या, आत्याचं आणि माझं निम्मं निम्मं, राजरत्नचं त्यातून. मला एक वेगळी गोष्ट पाहिजे. सिरीजमध्ये खाली बोलणं लिहून येतं ना, गाणं आलं की तिथे नुसतं "गाणं सुरू आहे" असं येतं. आमच्या गाण्याला तसं चालणार नाही. आत्या जसं गाते तसे शब्द खाली आले पाहिजेत, मराठीत, ओळीला ओळ. आणि कडवं पुरं, मधे तोडायचं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "कोणी हे मागत नाही. वर विचारून सांगते." आज सकाळी मेल आला. अट मान्य. कागदावर छापून आलीय, कलम सात, या पत्रासोबत राजरत्नच्या हाती आजच पाठवतोय, वाचून घे. महिनाअखेर चार दिवस पुढे ढकललीय त्यांनी तुझ्यासाठी.

म्हणजे तुला कळेल आत्या. आम्ही ऐकू, तू वाचशील.

आता तरी हो म्हण. रविवारी मूळ कागद घेऊन येऊ का?

तुझा,
ब्रँडन

*

आंबिवली
३१ जानेवारी

ब्रँडन,

हे पत्र व्हॅलेंटाईन स्वतः कोपरीला आणून देईल, पोस्टाचा भरवसा नको.

रविवारी ये. पेन आणू नकोस, तुझं गळतं. राजरत्नलाही आण, मैद्याचे फुगे तळते.

कलम सात कोणी लिहिलं त्या बाईला माझा नमस्कार सांग.

आत्या

*

आंबिवली
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय ब्रँडन,

तू काल इथे हवा होतास. कामावर दांडी मारता आली नाही म्हणालास, ठीक आहे, पण तू काय चुकवलंस ते सांगते. भीमाबाई आल्या होत्या, त्यांच्या मागोमाग शेजारच्या दोघी. व्हॅलेंटाईनने टीव्ही मधल्या खोलीत आणून ठेवला आणि मला पुढच्या खुर्चीत बसवलं, पहिलीच्या वर्गात बसवतात तसं.

मला भीती वाटत होती. सगळे माझ्याकडेच बघणार म्हणून. पण सीन सुरू झाला आणि कोणी माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्या त्या आईकडे बघत होत्या. टेंपो भरला, मुलगी पुढे बसली, आई मागे वळली. विहिरीवर जाळी होती, आपल्यासारखीच. तिने ती सरकवली, कळशी सोडली आणि खाली अक्षरं आली. "घागर बुडाली गो, घागर बुडाली." गो तसाच ठेवलाय. व्हॅलेंटाईनने माझं मनगट धरलं आणि बोटाने ठेका देऊ लागला. त्यामुळे ओळ कुठे पडते ते मला कळत होतं. कुठे घाई नाही, कुठे तोडलेलं नाही.

शेवटची ओळ आली तेव्हा ती टेंपोत बसली होती, कळशी मांडीवर. "आयेला सांगायची तेवढी राहिली." टेंपो निघाला. घर गेलं, विहीर गेली, गल्ली गेली. व्हॅलेंटाईनचं बोट थांबलं. ठेका संपला होता. पण अक्षरं काही हलेनात. मी मनात म्हटलं, यांचं मशीन अडकलं वाटतं. मग कळलं. अडकलेलं नव्हतं. मी तो शेवटचा सूर अजून धरून ठेवला होता. रस्त्याच्या वळणापर्यंत धरला मी तो, ब्रँडन! एवढा दम होता माझा? मला कोणी कधी सांगितलं नाही रे. ऐकू येत होतं तेव्हा माझं सगळं लक्ष विहिरीकडे असायचं.

मग अक्षरं गेली. मी रडले, हे लपवत नाही. बाकीच्याही रडत होत्या, त्यामुळे चहा कोणी टाकायचा हा प्रश्न पडला.

भीमाबाईंनी माझा खांदा हलवला. त्यांना अजून वाटत होतं, गाणं त्यांच्या राजरत्नचं. हळूहळू ओठ हलवून त्यांनी मला विचारलं, "गाणं कोणाचं म्हणायचं हे?"

मी म्हटलं, "माझं."

किती मोठ्याने म्हटलं ते मला कळायला मार्ग नाही. व्हॅलेंटाईन म्हणतो, तळमजल्यावरचे लोक बाहेर आले.

तुझी,
आत्या